बालगृहातली नळी, सुई आणि सक्शन: नाशिकमधल्या संस्थांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या बालगृहांत, शिशुगृहांत, गतिमंद मुलांच्या निवासी केंद्रांत आणि आश्रमशाळांच्या वसतिगृहांत काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. अधीक्षक, गृहमाता, रात्रपाळीच्या मावशी आणि दादा प्रशिक्षणात जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. तुमच्या मुलासाठी डॉक्टरांनी लेखी दिलेली सूचना आणि इथलं उत्तर जुळत नसेल, तर सूचना पाळा आणि फरक का आहे ते डॉक्टरांना विचारा.

कोणत्या कामांबद्दल बोलतोय आपण?

ज्या कामात एखादी वस्तू मुलाच्या शरीरात जाते किंवा कातडी भेदली जाते, अशा सगळ्या कामांबद्दल. नाकातून पोटात गेलेल्या राइल्स ट्यूबमधून दूध देणं, पोटावरच्या नळीतून आहार देणं, गळ्यातल्या ट्रॅकिऑस्टोमीच्या (श्वासासाठी पाडलेल्या छिद्रातल्या) नळीतला कफ सक्शनने (ओढून घेणाऱ्या यंत्राने) काढणं, कॅथेटरने लघवी काढणं, इन्सुलिन टोचणं, साखर तपासायला बोटाला टोचणं, आकडी थांबवायला नाकातून किंवा गुदमार्गाने औषध देणं. तोंडाने दिलेली गोळी, वाफ, मलम यांत बसत नाही, पण नोंद त्यांचीही ठेवायचीच.

आमच्याकडे पूर्णवेळ सिस्टर नाही. ही कामं मावशींनी केली तर चालतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

काही कामं शिकवल्यावर बिगर-वैद्यकीय माणूस सुरक्षितपणे करू शकतो. घरोघरच्या आया हे रोज करतात. पहिलीपर्यंत शिकलेली आई मुलाला इन्सुलिन देते, सहा वर्षांच्या मुलीची लघवी कॅथेटरने काढते. तेव्हा डिग्री नाही म्हणून मावशींना जमणार नाही, हे खरं नाही. मात्र त्या आईला डिस्चार्जच्या आधी वॉर्डात बसवून शिकवलेलं असतं, तिच्या हातून करून घेतलेलं असतं, आणि तिचं एकच मूल असतं. बालगृहात मुलं अनेक, माणसं पाळीपाळीने बदलतात, आणि शिकवणं बहुतेक वेळा 'तिचं बघून हिने, हिचं बघून तिसरीने' असं चालतं. धोका तिथे आहे.

म्हणून परवानगी तीन नावांची हवी: मूल कोण, करणारी व्यक्ती कोण, काम कोणतं. 'आमच्या संस्थेत राइल्स ट्यूबचं ट्रेनिंग झालंय' या वाक्याला काही अर्थ नाही. 'अमुक मावशी तमुक मुलाला पोटातल्या नळीतून आहार देऊ शकतात, अमक्या तारखेला सिस्टरनी त्यांच्याकडून करून घेऊन सही केली आहे' या वाक्याला आहे. त्याच मावशींनी दुसऱ्या मुलाला आहार द्यायचा असेल तर पुन्हा बघून, पुन्हा सही. मुलं वेगळी असतात. एकाला मान सरळ धरली की चालतं, दुसऱ्याचा पाठीचा कणाच वाकडा असतो.

काही कामं मात्र शिकवूनही मावशींकडे द्यायची नाहीत: राइल्स ट्यूब नव्याने घालणं, शिरेतून काहीही देणं, मात्रा स्वतः ठरवणं. पोटावरची किंवा गळ्यातली नळी ठरल्याप्रमाणे बदलणंही याच यादीत येतं. गळ्यातली नळी अचानक निघाली तर करायची कृती त्याला अपवाद आहे, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे. ही कामं नोंदणीकृत परिचारिकेची किंवा डॉक्टरांची.

शिकवणार कोण? मुलाला ज्या रुग्णालयातून सोडलं तिथल्या वॉर्डाची सिस्टर सगळ्यात उत्तम, कारण तिला ते मूल माहीत असतं. डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, त्यामुळे दोन दिवस आधीच दोन माणसं वॉर्डात पाठवा. एक नको, दोन. एकटी आजारी पडली तर?

एकदा शिकलं की कायमचं झालं ना?

नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघून घ्या. नळीचा आकार, कंपनी किंवा यंत्र बदललं, मूल रुग्णालयात राहून आलं, किंवा मावशी महिना-दीड महिना रजेवर होत्या, तर सहा महिने थांबूही नका.

मावशी 'मला भीती वाटते, मी करणार नाही' म्हणाल्या तर?

त्यांच्यावर जबरदस्ती करू नका आणि पगाराशी, ड्युटीशी हे जोडू नका. घाबरलेला हात मुलाला दुखवतो. पुष्कळदा दोन-तीनदा शेजारी उभं राहून पाहिलं की भीती जाते. नाही गेली तर दुसरं माणूस शोधणं हे अधीक्षकांचं काम आहे.

संमती कोणाची घ्यायची? आई-वडील असतात, पण सापडत नाहीत.

बाल न्याय अधिनियम २०१५ खाली केंद्राने केलेल्या २०१६ च्या आदर्श नियमांत शस्त्रक्रियेबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: आई-वडिलांची किंवा पालकांची आधी संमती हवी. ते सापडत नसतील आणि थांबल्याने मुलाला विनाकारण त्रास किंवा इजा होईल असं वैद्यकीय अधिकाऱ्याचं मत असेल, तर संस्थेच्या प्रभारी अधिकाऱ्याची लेखी संमती लागते. रोजच्या नळी-इंजेक्शनच्या काळजीलाही हीच चौकट वापरा असं आम्ही सांगतो. फाइलमध्ये डॉक्टरांची लेखी सूचना, पालकांची संमती आणि ती नसेल तर ती मिळवायला काय केलं याची नोंद व अधीक्षकांची सही. बालकल्याण समितीला पत्राने कळवा आणि मुलाच्या वैयक्तिक काळजी योजनेत ही काळजी लिहून घ्या. मुलाचा ताबा समितीच्या आदेशाने तुमच्याकडे आहे, तेव्हा समितीला माहीत नसलेली नळी मुलाच्या पोटात असता कामा नये.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून आलेल्या मुलांचे आई-वडील द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला असतात. फोन लागला तर दोघा साक्षीदारांसमोर स्पीकरवर समजावून सांगा, तारीख-वेळ लिहा आणि ते भेटायला आले की सही किंवा अंगठा घ्या. समजावणारा माणूस त्यांची कोकणा बोली बोलणारा असेल तर फार फरक पडतो. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन ठेवणं ही संमती नव्हे. तसं कोणी करत असेल तर आजच बंद करा.

जीव धोक्यात असेल तर कोणाच्याही सहीसाठी थांबायचं नाही.

आणि मुलाला विचारायचं का?

हो, प्रत्येक वेळी. 'आता नळीतून दूध देते हं, आधी पाणी जाईल, गार लागेल.' बोलता न येणाऱ्या मुलालाही सांगायचं. कोणत्या हाताला टोचायचं, आधी आंघोळ की आधी नळी, सक्शनच्या वेळी कोणाचा हात धरायचा, एवढी निवड मुलाला देता येते आणि द्यायलाच हवी. या मुलांपैकी कित्येकांच्या शरीराला आजवर त्यांच्या मर्जीविरुद्ध हात लागलेले आहेत. अचानक मागून येऊन तोंडात सक्शनची नळी घालणं त्यांच्यासाठी काय असेल, याचा विचार करून हात पुढे करा.

मुलीची लघवी कॅथेटरने काढायची आहे. उद्या कोणी आमच्यावरच 'पॉक्सो' (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लावला तर?

भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी काळजी टाळली तर मुलीची मूत्रपिंडं खराब होतील. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम ४१ मध्ये पालकांच्या संमतीने केलेली वैद्यकीय तपासणी आणि उपचार यांना गुन्ह्याच्या कलमांतून वगळलं आहे. म्हणून वरच्या प्रश्नातली संमतीची फाइल महत्त्वाची. डॉक्टरांची सूचना नाही, संमती नाही, नोंद नाही, आणि कोणीतरी बंद खोलीत 'उपचार' करतंय, अशी स्थिती तुमच्या संस्थेत कधीच येऊ देऊ नका.

खोलीला पडदा असावा, आतून कडी नको. मुलींची काळजी बाईनेच घ्यावी, मोठ्या मुलांना कोण हवं ते विचारावं. हाकेच्या अंतरावर दुसरं शिकलेलं माणूस हवं, मात्र ते बघत उभं नको. लागेल तेवढंच कपडा बाजूला करायचा, बाकी अंग झाकलेलं. काय करतोय ते तोंडाने सांगत राहायचं. मोबाइल खोलीबाहेर. काम संपलं की लगेच वेळ आणि सही. ही शिस्त कर्मचाऱ्यांच्या बचावासाठी आहे हे खरं, पण आधी ती मुलीसाठी आहे. 'ठरलेली माणसं, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने हात लावतात' हे मुलीला पक्कं कळलं, की त्याबाहेरचा स्पर्श ती ओळखते आणि सांगते. तिने सांगितलं तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपापसात चौकशी करून मिटवायचं नाही.

राइल्स ट्यूब पोटातच आहे, हे कसं ओळखायचं?

सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून 'फुस्स' आवाज ऐकण्याची पद्धत आजही शिकवली जाते. ती विश्वासार्ह नाही. नळी फुप्फुसात असतानाही तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणंही तसंच. दूध फुप्फुसात गेलं तर मूल दगावू शकतं, इतकी ही साधी वाटणारी गोष्ट गंभीर आहे.

करायचं ते असं. नाकाजवळ नळीवर जी खूण किंवा आकडा आहे तो आधी बघा, सरकलाय का. तोंड उघडून घशात नळीची गुंडाळी दिसते का बघा. मग सिरिंजने नळीतून पोटातलं थोडं पाणी हळूच ओढून घ्या आणि ते पीएच पट्टीवर (आम्लता मोजणाऱ्या पट्टीवर) टाका. आकडा ५.५ किंवा त्याखाली आला तर नळी पोटात आहे असं धरता येतं. शाळेतला लिटमस कागद चालत नाही, आकडा दाखवणारी पट्टीच हवी. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मागवली तर मिळते. हे दर वेळी, प्रत्येक आहाराच्या आणि औषधाच्या आधी करायचं. मुलाला ओकारी झाली, जोराचा खोकला झाला, तर पुन्हा.

पाणी आलंच नाही तर मुलाला डाव्या कुशीवर वळवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा ओढा. तरीही आलं नाही, किंवा आकडा ५.५ च्या वर आला, तर आहार द्यायचा नाही. ओमेप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर आकडा वर जाऊ शकतो. अशा मुलासाठी डॉक्टरांकडून वेगळी लेखी सूचना आधीच घेऊन ठेवा. शंका उरली की रुग्णालय आणि एक्स-रे. एक वेळचं दूध चुकलं तर फारसं बिघडत नाही. मात्र मूल इन्सुलिनवर किंवा आकडीच्या औषधावर असेल तर वाट न बघता लगेच फोन करा.

आहार देताना मुलाचं डोकं आणि छाती उंच, साधारण ३० ते ४५ अंश, आणि नंतर निदान अर्धा तास तसंच. दूध सिरिंजच्या दांड्याने ढकलू नका, आपोआप उतरू द्या. खोकला, ओठ निळे, श्वास घरघरणं, यांतलं काही दिसलं की नळी चिमटून थांबा आणि मदतीला हाक मारा.

नळीतून घरचं जेवण देता येतं का? औषधं कशी द्यायची?

नाचणीची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, दूध चालतं, पण काय आणि किती ते आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसत्या पेजेवर मुलं वाळतात, दर महिन्याच्या तपासणीत वजन बघाच. मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर बारीक नळी तुंबते. मिक्सरमध्ये केलेला आहार बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहून कमी.

औषधं एकेक द्यायची, मध्ये थोडं उकळून गार केलेलं पाणी. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून देण्याची सवय मोडा. दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की पूर्ण मात्रा एकदम अंगात जाते, आणि आकडीच्या काही गोळ्या तशाच असतात. नळीची सिरिंज आणि इंजेक्शनची सिरिंज कधीही एका डब्यात ठेवायची नाही. नळीच्या सिरिंजवर ठळक मार्करने मुलाचं नाव आणि 'फक्त नळी' असं लिहा.

मूल सारखी नळी ओढतं. हात बांधून ठेवायचे का?

नाही.

हे पाहिलेलं आहे म्हणून इतकं थेट लिहिते आहे: खाटेच्या कठड्याला ओढणीने बांधलेले मनगट, आणि विचारलं तर 'त्याच्याच भल्यासाठी'. मूल नळी ओढतं त्याला कारण असतं. चिकटपट्टीने गाल सोलवटलेला असतो, नाकपुडीत जखम असते, पोट तुडुंब भरलेलं असतं, किंवा दिवसभर हाताला दुसरं काहीच नसतं. चिकटपट्टीची जागा रोज बदला, नळी कानामागून पाठीकडे नेऊन सदऱ्याखाली अडकवा, आहाराचा वेग कमी करा, हातात खुळखुळा द्या, मांडीवर घ्या. हातांना पिशवीसारखे मोजे घालायचेच झाले तर डॉक्टरांच्या लेखी सूचनेने, ठरावीक वेळेपुरते, आणि त्याची नोंद करून. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये संस्थेच्या कर्मचाऱ्याने मुलाला दिलेल्या क्रूर वागणुकीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना नेटाने विचारा. नाकातली नळी चार ते सहा आठवड्यांहून जास्त लागणार असेल, तर पोटावरची कायमची नळी बसवता येईल का? आपल्याकडे अनाथ मुलांच्या नाकात वर्षवर्ष नळी राहते, कारण पाठपुरावा करणारं कोणी नसतं. तो पाठपुरावा तुम्ही करा.

पोटावरची नळी निघून हातात आली तर?

भोकावर स्वच्छ गॉझ ठेवा आणि निघालेल्या नळीसह लगेच रुग्णालयात जा. भोक काही तासांतच आवळू लागतं, उद्या सकाळची वाट बघू नका. नळी बसवून दोनच महिने झाले असतील तर ती स्वतः आत ढकलायचीच नाही, ती पोटाऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते.

गळ्यात नळी असलेलं मूल आम्ही ठेवून घ्यावं का?

फक्त तेव्हाच, जेव्हा दिवसरात्र प्रत्येक क्षणी सक्शन येणारं, जागं माणूस त्याच्याजवळ असेल. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, आजारपणं धरली तर निदान पाच-सहा शिकलेली माणसं लागतात. गळ्यात नळी असलेल्या मुलाचा आवाज बहुधा निघत नाही, तेव्हा रडण्यावर विसंबून राहता येत नाही.

सक्शनची नळी किती आत घालायची ते डॉक्टर मोजून देतात. तेवढंच माप भिंतीवर लावा, त्यापुढे गेलं की आतली त्वचा सोलवटते. ओढण्याचा वेळ दहा सेकंदांच्या आत. स्वतः श्वास रोखून धरा म्हणजे अंदाज चुकत नाही. यंत्राचा दाब डॉक्टरांनी लिहिला असेल तेवढाच.

मुलाच्या शेजारी एक डबा कायम हवा: त्याच मापाची एक जादा नळी, एक माप लहान अशी दुसरी, बांधायच्या पट्ट्या, कात्री, सक्शनच्या नळ्या, जेली, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). हा डबा मुलाबरोबर शाळेत, दवाखान्यात, अगदी अंगणातही जातो. नळी निघाली किंवा तुंबली तर ती बदलायला वेळ मिनिटांचाही नसतो. त्यामुळे त्या डब्यातली नळी घालणं प्रत्येक पाळीतल्या एकाला तरी वॉर्डात बाहुलीवर करून घेऊन शिकवलेलं असलंच पाहिजे.

वीज हा आपल्याकडचा खरा प्रश्न. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तासन्‌तास लाइट जाते. बॅटरीवर चालणारं सक्शन आणि त्यालाही पर्याय म्हणून पायाने चालवायचं यंत्र, दोन्ही ठेवा, आणि आठवड्यातून एकदा लाइट मुद्दाम बंद करून चालवून बघा. मूल ऑक्सिजनवर असेल तर भरलेला जादा सिलिंडर हवाच. एप्रिल २०२१ मध्ये याच शहरात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. दुसरा सिलिंडर 'खर्च जास्त' म्हणून टाळणाऱ्या व्यवस्थापनाला हे ठामपणे सांगा.

या मुलाच्या श्वासाला नाकाची गाळणी नसते. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेशेजारी संस्था असेल तर फवारणीच्या वेळी खिडक्या बंद आणि मूल आत. हिवाळ्याच्या कोरड्या थंडीत कफ घट्ट होतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून नळीवर ओलावा टिकवणारं फिल्टर लावा. आंघोळीत पाणी छातीच्या वर नको. रंगपंचमीला मुलांना रहाडीचं (रंगाच्या पाण्याच्या हौदाचं) कौतुक दाखवायला नेता, जरूर न्या, पण या मुलाला पाणी उडणार नाही इतक्या लांब उभं करा. आणि त्याला घरी सोडून जाऊ नका.

लघवीची नळी निर्जंतुक हवी की नुसती स्वच्छ?

स्पायना बायफिडासारख्या (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) आजारात दर तीन-चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. हे काम 'स्वच्छ' पद्धतीने करता येतं हे १९७२ मध्ये अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लापिडिस यांनी मांडलं, आणि त्यामुळेच असंख्य मुलं घरी राहून शाळेत जाऊ शकली. घरात आईने साबणाने हात धुतले तरी पुरतं. बालगृहात मात्र एका मावशीचे हात अनेक मुलांना लागतात, म्हणून प्रत्येक वेळी नवे हातमोजे आणि प्रत्येक मुलाची नळी त्याच्या नावाच्या डब्यात. स्पायना बायफिडा असलेल्या पुष्कळ मुलांना लेटेक्स रबराची ॲलर्जी होते. त्यांच्यासाठी नायट्राइलचे हातमोजे आणि लेटेक्स नसलेली नळी वापरा, वाढदिवसाचे फुगेसुद्धा लांब ठेवा.

सहा-सात वर्षांची पुष्कळ मुलं हे स्वतः शिकू शकतात. शिकवायला वेळ लागतो आणि सांडासांड होते, म्हणून संस्था टाळतात. टाळू नका. स्वतःची लघवी स्वतः काढता येणाऱ्या मुलीला आयुष्यभर कोणासमोर कपडे सोडावे लागत नाहीत.

इन्सुलिनमध्ये सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

सिरिंज आणि बाटली यांच्या जोडीत. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन ४० युनिट प्रति मिलिलिटर असं मिळतं आणि १०० चंही मिळतं. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या रेषेपर्यंत भरलं तर मुलाच्या अंगात १० नाही, २५ युनिट जातात. उलट केलं तर १० ऐवजी ४ जातात. देणगीत आलेल्या सिरिंजांचा खोका उघडला आणि कोणी बघितलंच नाही, असं सहज घडू शकतं. म्हणून भरताना दोघांनी मोठ्याने वाचायचं: नाव, बाटलीवरचा आकडा, टोपणाचा रंग, युनिट.

दुसरी अडचण जेवणाच्या वेळेची. कोणाच्या वाढदिवसाचं अन्नदान असतं, पाहुणे येईपर्यंत ताटं थांबतात, भाषणं होतात. जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलेल्या मुलाला तोवर घाम फुटतो, हातपाय थरथरतात. पाहुणे कोणीही असोत, या मुलाला वेळेवर वाढायचं. साखर ७० च्या खाली गेली आणि मूल शुद्धीवर असेल तर डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं ग्लुकोज किंवा साखरपाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग पोळी किंवा बिस्किट. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, ग्लुकागॉन (साखर वाढवणारं इंजेक्शन) दिलेलं आणि शिकवलेलं असेल तर टोचा.

बाटली फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नको, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. येवला-मालेगावच्या उन्हाळ्यात लाइट गेली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं वेळ निभावून नेतं. बोटाला टोचायचं लान्सेटचं पेन सुई बदलली तरी दुसऱ्या मुलाला वापरायचं नाही, त्यातून काविळीचा बी विषाणू पसरतो.

आकडी आली की औषध कधी द्यायचं?

आकडी सुरू होताच घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. कांदा, चप्पल, चमचा यांतलं काहीही नाका-तोंडाजवळ नको. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत नाकातून मिडॅझोलमचा फवारा, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन. औषधानंतर श्वासाकडे लक्ष ठेवा. ते कुलपात हवं, पण किल्ली रात्रपाळीच्या हातात. अधीक्षकांच्या घरी गेलेली किल्ली काय कामाची?

वापरलेल्या सुया आणि नळ्या घंटागाडीत टाकायच्या का?

कधीच नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत शाळेच्या प्रथमोपचार खोलीचाही समावेश आहे, तेव्हा तुम्हीही त्यात येता. सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, रक्त-पू लागलेला गॉझ पिवळ्या पिशवीत. मान्यताप्राप्त संकलन केंद्राशी करार करा, किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी लेखी बोलून त्यांच्या कचऱ्यातून पाठवा. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही.

कोणाला सुई टोचलीच तर जागा पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच जिल्हा रुग्णालय गाठा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस आधीच द्या.

एचआयव्ही असलेल्या मुलासाठी वेगळी काळजी?

वेगळी नाही. सगळ्यांसाठी सारखीच आणि नीट. त्याच्या खाटेवर, डब्यावर, वहीवर तसली खूण करणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या विरुद्ध आहे.

रात्री दोन वाजता काही झालं तर?

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. पण सुरगाण्याच्या घाटरस्त्याने ती यायला आणि परत जायला वेळ लागतो, म्हणून तिथल्या संस्थांनी जवळचं ग्रामीण रुग्णालय, तिथला ड्युटीचा फोन आणि एक ठरलेली खासगी गाडी असं तिन्ही कागदावर लिहून ठेवावं. शहरात जिल्हा रुग्णालय त्र्यंबक रोडला आहे, नाशिकरोडच्या बाजूला बिटको. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीतले रस्ते वाहनांना बंद होते. २०२७ साठी त्या भागातल्या संस्थांनी पर्यायी वाट पोलिसांशी आत्ताच बोलून ठरवावी. मुलाची एक पानाची माहिती, म्हणजे आजार, औषधं, नळीचं माप, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन, ही दाराशी टांगलेली असावी. रुग्णवाहिकेत मुलाला ओळखणारं माणूस बसलंच पाहिजे, गेटवरच्या वॉचमनला बसवून पाठवू नका.

खर्च कुठून करायचा?

शासकीय अनाथालयांतली आणि आश्रमशाळांतली मुलं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. सेरेब्रल पाल्सी, गतिमंदत्व, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यात बाह्यरुग्ण उपचारही आहेत. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो, तो आधी काढा. देणगीदार विचारतात 'काय आणू?', तेव्हा खाऊऐवजी पीएच पट्ट्या आणि सक्शनच्या नळ्या सांगा, मापासकट लिहून द्या.

समितीने पाठवलेल्या मुलाला 'आम्हाला जमणार नाही' असं म्हणता येतं का?

येतं, आणि काही वेळा म्हणायलाच हवं. फक्त तोंडी नको आणि मूल दारात असताना नको. बालकल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र द्या: या मुलाला ही काळजी लागते, आमच्याकडे ती येणारी इतकी माणसं आहेत, इतकी कमी पडतात, प्रशिक्षण आणि साहित्य मिळालं तर अमुक तारखेपासून घेऊ शकतो, तोवर मूल रुग्णालयातच राहावं किंवा सोय असलेल्या संस्थेत जावं. रुग्णालयाच्या डॉक्टरांचं मत पत्राला जोडा आणि पोच घ्या. मूल आधीच तुमच्याकडे असेल आणि माणसं सोडून गेली असतील, तर हेच पत्र त्याच दिवशी द्या. उत्तर येईपर्यंत त्या मुलाजवळ कोण बसणार, हे पाळीनिहाय नावं घालून पत्राच्या खाली लिहा.